घरातल्या पूर्ण अपंग माजी सैनिकासाठी अटेंडन्स अलाउन्स: कागदांपासून मेडिकल बोर्डापर्यंत

हा लेख माजी सैनिकासाठी कमी आणि त्याचं सगळं करणाऱ्या माणसासाठी जास्त आहे. बहुतेक घरांत ती बायको असते, कुठं आई, कुठं धाकटा भाऊ. मणक्याला गोळी लागून कमरेखालचं अंग गेलेला, डोक्याच्या मारानं बोलणं-समजणं हरवलेला, दोन्ही डोळे किंवा दोन्ही पाय गमावलेला जवान घरी असतो. पेन्शन सुरू असते, म्हणून घरचे समजतात की मिळायचं ते सगळं मिळतंय. पण अशा माणसाला कायम दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनच्या वर एक स्वतंत्र रक्कम आहे. तिचं नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, बोलताना नुसतं अटेंडन्स अलाउन्स. शिपाई असो की अधिकारी, रक्कम सगळ्यांना सारखीच. १ जानेवारी २००६ पासून ती महिना ३००० रुपये होती. पुढे महागाई भत्ता वाढला तशी ४५०० वर गेली आणि सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून ६७५० झाली. आज तुमच्या हाती किती यायला हवी, ते ताज्या आदेशावरून तपासा, जुन्या ओळखीच्या सुभेदारांच्या आठवणीवरून नको.

हा भत्ता आपोआप लागेलच असं धरून चालू नका. मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदावर ठरावीक नोंद असावी लागते, आणि ती नसेल तर कुणीतरी मागावी लागते. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

आधी हातात काय आहे ते पाहा

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. त्यानंतर दुरुस्तीचे पीपीओ आले असतील तर तेही. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली आहे. तिथं लॉगिन करून ई-पीपीओ उतरवून घेता येतो आणि दर महिन्याच्या पेन्शन स्लिपमध्ये कुठल्या नावाखाली किती पैसे आले तेही दिसतं. डिसॅबिलिटी पेन्शनचे दोन भाग असतात: नोकरीबद्दल मिळणारा सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वाबद्दल मिळणारा डिसॅबिलिटी एलिमेंट. पूर्ण शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. लढाईत किंवा लढाईसारख्या परिस्थितीत जखमी होऊन बोर्ड आउट झालेल्याला (मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवल्यानं सेवेतून बाहेर पडलेल्याला) त्याऐवजी वॉर इंज्युरी एलिमेंट मिळतो आणि तो शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराइतका असतो. अटेंडन्स अलाउन्स या दोन्हींहून वेगळा. त्याची रक्कम ठरलेली असते, आणि पेन्शनीवर मिळणारी महागाईची रक्कम त्यावर धरली जात नाही. स्लिपमध्ये तो स्वतंत्र दिसत नसेल, तर बहुधा तो मंजूरच झालेला नाही.

दुसरा कागद जास्त मोलाचा: मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग्ज, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. बोर्ड आउट झालेल्यांचं इनव्हॅलिडिंग बोर्ड असतं, मुदत संपवून आलेल्यांचं रिलीज मेडिकल बोर्ड. ही प्रत बऱ्याच घरांत नसते किंवा ट्रंकेच्या तळाशी अर्धी फाटलेली असते. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र लिहून मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज माजी सैनिकाच्या स्वतःच्या सहीनं किंवा अंगठ्यानं गेला तर ‘तिसऱ्या माणसाची वैद्यकीय माहिती’ ही अडचण निघत नाही.

या फॉर्मवर तीन गोष्टी शोधा. पहिली, अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असं बोर्डानं मानलं आहे का. इंग्रजीत ते ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’ किंवा ‘अ‍ॅग्रव्हेटेड’ असं लिहिलेलं असतं. दोन्हींपुढे ‘नो’ असेल, तर आधी तो प्रश्न सोडवावा लागेल, कारण अलाउन्स स्वीकारलेल्या अपंगत्वावरच उभा असतो. दुसरी, टक्केवारी. तिसरी, कायम सोबतीची गरज आहे का, या प्रश्नाचं उत्तर.

टक्केवारीबद्दल इथंच सांगतो, कारण गोंधळ हमखास होतो. पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास, पन्नास ते पंच्याहत्तर असेल तर पंच्याहत्तर आणि त्याच्या वरचं शंभर धरायची पद्धत आहे. तिला ब्रॉड बँडिंग म्हणतात. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिचा फायदा मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळू लागला. पण हा डिसॅबिलिटी एलिमेंटच्या पैशांचा हिशेब झाला. पीपीओवर १०० दिसलं म्हणून बोर्डानंही १०० लिहिलं असेल असं नाही. मूळ आकडा ८० असेल, तर अलाउन्सच्या अर्जाआधी आज प्रकृती काय आहे, पुन्हा तपासणी मागायची का, हा विचार करावा लागतो.

आणखी एक घोळ असाच. सिव्हिल हॉस्पिटलनं दिलेलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड बस, रेल्वे, सरकारी योजना यांसाठी उपयोगाचं आहे, काढून ठेवावंच. पण त्यावरची टक्केवारी फौजी पेन्शनला चालत नाही. तिथं फक्त लष्करी मेडिकल बोर्डाचा आकडा मोजतात.

नियम काय मागतो

अपंगत्व १०० टक्के हवं. कायम सोबतीची गरज आहे असं मेडिकल बोर्डाचं मत हवं, आणि ही गरज निदान तीन महिन्यांची असावी. गरज स्वीकारलेल्या अपंगत्वामुळेच निर्माण झालेली हवी. माणूस सरकारी रुग्णालयात किंवा संस्थेत भरती असेल, तर तेवढ्या काळाचा अलाउन्स मिळत नाही.

यातली तिसरी अट लोक वाचत नाहीत आणि बरेचदा तिथंच अडकतात. समजा मणक्याच्या दुखापतीनं पाय गेले. पुढे वीस वर्षांनी मधुमेहानं दृष्टी अधू झाली. आता अर्जात तुम्ही लिहिलंत की ‘यांना दिसत नाही म्हणून धरून न्यावं लागतं’, तर बोर्ड म्हणेल की ही गरज मणक्याची नाही. खोटं लिहू नका, पण जे मणक्यामुळे आहे ते आधी आणि स्पष्ट लिहा: कूस बदलता येत नाही, लघवीवर ताबा नाही, खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. मधुमेहाचा उल्लेख शेवटी एका ओळीत पुरे.

रोजच्या कामाची वही

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वात उपयोगी कागद हाच, आणि तो कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. तुम्हालाच लिहायचा आहे.

साधी शंभर पानी वही घ्या. निदान महिनाभर रोज लिहा. सकाळी किती वाजता उठवलं, कुणी उठवलं, एकट्यानं जमलं का. दात घासणं, दाढी, अंघोळ: यातलं तो काय स्वतः करतो, काय तुम्ही करता. पोट साफ होण्यासाठी काय करावं लागतं. हे लिहायला संकोच वाटतो, पण पॅराप्लेजियाच्या, म्हणजे कमरेखालचं अंग गेलेल्या, माणसाच्या सोबतीत सर्वांत जास्त वेळ यातच जातो आणि तपासणीच्या खोलीत हेच बोललं जात नाही. कॅथेटर (लघवीची नळी) दिवसातून किती वेळा घालावा लागतो, लघवीची पिशवी कोण रिकामी करतं, ताप येऊन संसर्ग केव्हा केव्हा झाला. झोपलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोर होतात. रात्री कितीदा उठलात ते त्याच रात्री वेळेसकट लिहा, सकाळी आठवून नको. जेवण भरवावं लागतं का, की ताट समोर ठेवलं की पुरतं. औषधाच्या वेळा तो स्वतः सांभाळतो का.

डोक्याला मार लागलेल्या माणसाची वही वेगळी होईल. त्याचे हातपाय चालतात, त्यामुळे बाहेरच्याला तो ठणठणीत वाटतो. तिथं लिहायचं ते असं: गॅस चालू ठेवून गेला, घराबाहेर पडला आणि परतीची वाट सापडली नाही, फिट आली, अंघोळ केली हे विसरून पुन्हा बादली भरली. एकटं सोडलं तर काय झालं, हे इथं महत्त्वाचं. ‘लक्ष ठेवावं लागतं’ एवढं लिहून बोर्डाला काहीच कळत नाही.

पगारी माणूस ठेवला असेल तर त्याचे पैसे बँकेतून किंवा फोनवरून द्या, रोख देत असाल तर वहीत तारखेसकट सही घ्या. पुढे कुणी विचारलं तर दाखवायला कागद असतो.

अर्ज कुणाला

अर्ज जातो आपल्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिकला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौदलाच्या खलाशांसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कँपमधलं ब्यूरो ऑफ सेलर्स आहे, हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्कला डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्स. पत्ता माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं अर्ज लिहून देतात, पुढे पाठवतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मिळणाऱ्या थकबाकीत टक्केवारी मागणारा माणूस कितीही गोड बोलला, कितीही ओळखी सांगितल्या, तरी त्याला दारातूनच नमस्कार करा. स्पर्शचा पासवर्ड आणि ओटीपी तर अजिबात देऊ नका.

अर्ज एका पानाचा असावा. नंबर, रँक, नाव, युनिट, पीपीओ क्रमांक, केव्हा आणि कशानं बोर्ड आउट झाले, बोर्डाची टक्केवारी. मग मागणी, सरळ शब्दांत. मागणी दोन प्रकारची असू शकते. जुन्या बोर्डानंच १०० टक्के आणि सोबतीची गरज दोन्ही लिहिलं असेल, पण पीपीओत अलाउन्स आला नसेल, तर नुसती दुरुस्ती मागायची. बोर्डानं गरज लिहिलीच नसेल किंवा तेव्हापासून प्रकृती खालावली असेल, तर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड भरवण्याची मागणी करायची. दोन्ही एकाच पत्रात कालवू नका, कारकून गोंधळतो आणि फाइल खाली जाते.

सोबत पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाच्या प्रोसीडिंग्जच्या प्रती, मागच्या काही वर्षांचे दवाखान्याचे कागद आणि तज्ज्ञ डॉक्टरचं ताजं पत्र जोडा. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून लष्करी रुग्णालयाच्या तज्ज्ञाकडे पाठवून घेता आलं तर उत्तम. ‘रुग्ण अंथरुणाला खिळून आहे’ एवढ्यावर डॉक्टरना थांबू देऊ नका. अपंगत्वाचं नाव, त्यामुळे कोणती कामं होत नाहीत आणि सोबत किती काळ लागेल, हे तिन्ही त्या पत्रात यावं. वहीची निवडक पानं झेरॉक्स करून जोडा, मूळ वही घरी ठेवा.

रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा. त्या तारखेचा उपयोग शेवटी सांगतो.

बोर्डाचा दिवस

रेकॉर्ड ऑफिसनं मान्य केलं की जवळच्या लष्करी रुग्णालयात बोर्डासाठी बोलावणं येतं. माणूस हलवण्यासारखा नसेल तर ते आधीच लेखी कळवा, डॉक्टरच्या दाखल्यासह. तारीख चुकवून मग कारण सांगण्यापेक्षा हे बरं.

आता खरी अडचण. आयुष्यभर वरिष्ठासमोर ‘सब ठीक है, साहब’ म्हणायची सवय असलेला माणूस युनिफॉर्ममधले डॉक्टर समोर आल्याबरोबर पाठ ताठ करतो. विचारलं, जेवता येतं का? ‘यस सर.’ कपडे घालता येतात? ‘कोई तकलीफ नहीं, सर.’ घरी शर्टाचं बटण बायको लावत असते. यात खोटेपणा नसतो, अभिमान असतो, आणि त्या अभिमानापायी अर्ज बुडतो. म्हणून आदल्या रात्री शांतपणे बसून बोला. त्याला सांगा की उद्या कुरकुर करायची नाही, फक्त रिपोर्ट द्यायचा आहे. फौजी माणसाला रिपोर्ट देणं हा शब्द बरोबर समजतो. काय जमतं, काय जमत नाही, काय दुसऱ्याच्या हातानं जमतं, एवढंच.

सोबत जाणारी व्यक्ती रोज सेवा करणारीच असावी. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा, इंग्रजी चांगलं बोलणारा पुतण्या सोबत नेला, तर त्याला कॅथेटर किती नंबरचा ते सांगता येणार नाही. इंग्रजीची काळजी करू नका, हिंदी चालतं. खोलीत बसू द्या अशी विनंती करा. नाही म्हणाले तर वहीचा सारांश एका कागदावर लिहून द्या आणि तो कागद फाइलला लावावा असं सांगा.

त्या दिवशी विशेष तयारी करून, दाढी-आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून नेऊ नका असं मी म्हणणार नाही. त्याचा मान राहिलाच पाहिजे. मात्र हे सगळं कुणी आणि किती वेळात केलं, तेही बोर्डाला सांगा.

निघताना बोर्डाची प्रत कशी मिळेल ते विचारून या.

मंजूर झाल्यावर

कागद रेकॉर्ड ऑफिसमार्गे प्रयागराजच्या पीसीडीए या पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयात जातात आणि दुरुस्तीचा पीपीओ निघतो. त्यावर अलाउन्स कोणत्या तारखेपासून धरला आहे ते पाहा. रकमेपेक्षा ही तारीख चुकण्याची शक्यता जास्त.

पुढे पेन्शन चालू राहायची तर दरवर्षी हयातीचा दाखला. अंथरुणावरच्या माणसाला बँकेत उचलून न्यायची गरज उरलेली नाही. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करता येतं, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही ते करून देतो. तो दाखला स्पर्शवर पोचला का, हे मात्र स्वतः तपासा. सरकारी रुग्णालयात भरती झाले तर भरतीच्या आणि सुट्टीच्या तारखांचा कागद जपा, त्या काळाचा अलाउन्स पुढे वळता होऊ शकतो.

माणसाला सही-समज उरली नसेल, तर बँक आणि पेन्शनचे व्यवहार कोण करणार हे आधी ठरवा. कोमात असलेल्या माणसासाठी पत्नीला किंवा मुलाला पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिलेले आहेत. त्यासाठी वकील लागतो.

कुणाला बोलायला आवडत नाही, पण माहीत असावं असं एक: मृत्यू स्वीकारलेल्या अपंगत्वामुळेच झाला, तर पत्नीला साध्या फॅमिली पेन्शनऐवजी स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते. साधी शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, स्पेशल ६० टक्के. म्हणून शेवटच्या आजाराचे कागद आणि मृत्यूचं वैद्यकीय कारण लिहिलेला दाखला नीट ठेवा. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच लिहून घेऊन घरी येऊ नका. बेडसोरमधून रक्तात संसर्ग पसरला असेल, तर ते त्यात यायला हवं.

पैशांखेरीज

खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मणक्याच्या दुखापतीच्या जवानांसाठी आहे, वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर कृत्रिम हातपायांसाठी. घरी सेवा करणाऱ्यानं एकदा खडकीला जाऊन खुर्चीतून पलंगावर माणूस कसा घ्यायचा, कातडी कशी तपासायची हे बघून यावं. स्वतःच्या कमरेसाठी तरी.

नाकारलं तर

नकाराचं पत्र कारणासह मागा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. तिथंही नाही झालं तर दुसरं अपील, आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

आजार सेवेमुळे नाही असं म्हणून नाकारलं असेल, तर २०१३ चा धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला दाखवा. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळे आला असं धरायचं आणि उलट सिद्ध करण्याचा भार लष्करावर, असं तिथं म्हटलं आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एंटायटलमेंट रूल्स आले. त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी आपलं प्रकरण कोणत्या नियमात बसतं हे आधी पाहावं.

सोबतीच्या गरजेवरून नाकारलं असेल, तर भांडण कायद्याचं कमी आणि पुराव्याचं जास्त असतं. अशा वेळी नवं तज्ज्ञाचं पत्र आणि वहीची पुढची पानं घेऊन पुन्हा बोर्ड मागणं हा जवळचा रस्ता.

आता त्या पोस्टाच्या पावतीबद्दल. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, त्यामुळे वर्षं उलटून गेली म्हणून दावा मरत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात, जे डिसॅबिलिटी पेन्शनचंच होतं, सर्वोच्च न्यायालयानं थकबाकी कोर्टात येण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. म्हणजे पंधरा वर्षं सेवा केलीत, अर्ज कधी केलाच नाही आणि आज कोर्टात गेलात, तर आधीची बारा वर्षं बहुतेक गेली. अर्ज पाठवून वर्षानुवर्षं उत्तराची वाट बघत बसलात तरी तेच होऊ शकतं. पावतीवरच्या तारखेपासून मोजा, सहा महिन्यांत हालचाल नसेल तर स्मरणपत्र पाठवा, त्याचीही पावती ठेवा आणि वकिलाला भेटा.